एकिनेशिया : एका औषधी फुलाची उलटतपासणी

इ. स. १८८५ च्या सुमारास अमेरिकेतील सिनसिनाटी शहरी राहणाऱ्या दोन गृहस्थांकडे एक चमत्कारिक मागणी आली. त्यांतले एक, जॉन किंग, हे वैद्यकाचे नामांकित अध्यापक होते. दुसरे, जॉन यूरी लॉइड, हे औषधे तयार करणारे रसायनज्ञ. वनस्पतींपासून मिळणाऱ्या औषधांचे दोघेही मोठे जाणकार. मागणी करणारा होता नेब्रास्का राज्यातल्या पॉनी सिटी या लहानशा गावातील एक वैदू, एच. सी. एफ. मायर. एका रानटी झाडाच्या मुळापासून केलेला अर्क तो 'रक्तशोधक' म्हणून विकत असे. संधिवात, अर्धशिशी, अपचन, जुने व्रण, गळवे, घेरी, डोळ्यांची दुखणी अशा नाना तक्रारींवर हा अर्क चालतो, असे बाटलीवरच लिहिलेले असे. त्यातच सर्पदंशही होता.

मायरचे म्हणणे असे की, रॅटल-स्नेक चावलेली सहाशेहून अधिक माणसे व जनावरे आपण या अर्काने बरी केली, एकही दगावले नाही. (रॅटल-स्नेक म्हणजे शेपटीच्या टोकाचा खुळखुळा वाजवणारा तिकडचा विषारी साप.) विश्वास बसत नसेल तर आपण सिनसिनाटीला येतो, तुम्ही निवडाल तो साप आणा, तुमच्या देखत आपण त्याला स्वतःला चावू देतो आणि आपलेच औषध घेऊन बरे होऊन दाखवतो, अशी त्याची तयारी होती.

ही सूचना अर्थातच मान्य झाली नाही. परंतु समजा, ती मान्य झाली असती. साप चावला असता, मायरने अर्क प्यायला असता आणि दुसऱ्या दिवशी तो ठणठणीत उठून बसला असता. तर त्यावरून काय सिद्ध झाले असते? पुढे वाचण्यापूर्वी या प्रश्नावर दोन मिनिटे विचार करा. उत्तराकडे आपण थोड्या वेळाने येऊ. लॉइड यांनी मायरला एवढेच कळवले की, नुसते मूळ पाठवू नका, फुलापानांसह सबंध झाड पाठवा. झाड आले आणि ओळख पटली. ती वनस्पती होती एकिनेशिया अँगुस्टिफोलिया, म्हणजे अरुंद पानांची एकिनेशिया.

एक फूल की फुलांचा मेळा?

एकिनेशिया ही सूर्यफुलाच्या कुलातली. वनस्पतिशास्त्रात या कुलाला ॲस्टरेसी आणि जुन्या पुस्तकांतून कंपॉझिटी असे म्हणतात. झेंडू, शेवंती, झिनिया, करडई आणि रस्त्याच्या कडेला उगवणारी एकदांडी ही सगळी याच घराण्यातली. या घराण्याची एक लबाडी तुम्हांला ठाऊक असेलच. ज्याला आपण झेंडूचे 'एक फूल' म्हणतो ते मुळी एक फूल नसतेच. कितीतरी बारीक फुले एका बैठकीवर दाटीवाटीने बसलेली असतात. अशा पुष्पबंधाला स्तबक म्हणतात. कडेला पाकळ्यांसारखी दिसणारी ती किरणपुष्पके आणि मधल्या गड्ड्यातली नळीसारखी ती बिंबपुष्पके.

सूर्यफुलाच्या स्तबकाची बैठक जवळजवळ तबकासारखी सपाट असते. एकिनेशियाची मात्र मधोमध फुगलेली असते, आणि फूल जुने होत जाते तसा तिचा घुमट, पुढे तर शंकू बनतो. कडेची गुलाबी-जांभळी किरणपुष्पके खाली झुकतात. बॅडमिंटनचे फूल बूच वर आणि पिसे खाली अशा तऱ्हेने देठावर खोचावे, तसे ते दिसते. प्रत्येक बिंबपुष्पकाच्या बुडाशी एक ताठ, टोकदार तूस असते. तिचे टोक नारिंगी असते व पुष्पकाच्याही वर डोकावते. घुमटावरून बोट फिरवले तर टोचते. इ. स. १७५३ मध्ये लिनीअस यांनी या झाडाला रुडबेकिया या वेगळ्याच प्रजातीत टाकले होते. पुढे १७९४ साली जर्मन शास्त्रज्ञ कॉनराड मेंख यांनी त्याला स्वतंत्र प्रजाती दिली आणि नाव देताना त्या काट्यांकडे पाहिले. ग्रीक भाषेत 'एकिनॉस' म्हणजे जाहक, साळिंदरासारखे काटे अंगावर वागवणारा पण त्याहून पुष्कळ लहान असा प्राणी.

या प्रजातीत साधारण नऊ-दहा जाती आहेत (किती, यावर वनस्पतिशास्त्रज्ञांचे अद्याप एकमत नाही) आणि त्या सगळ्या उत्तर अमेरिकेतल्याच. औषधासाठी तीन जातींची मुख्यतः नावे घेतात : जांभळी म्हणून परप्युरिया, फिकट म्हणून पॅलिडा, आणि अरुंद पानांची अँगुस्टिफोलिया. एक जात मात्र चक्क पिवळी आहे. जांभळ्यांच्या घरात पिवळी म्हणून तिचे नाव पॅराडॉक्सा, म्हणजे विसंगत!

बिंबपुष्पके एकदम उमलत नाहीत. घुमटाच्या तळापासून वरच्या टोकाकडे, कड्यामागून कडे अशी ती उमलत जातात. एखादे पुष्पक आज उमलले की त्यातून प्रथम परागकण बाहेर पडतात. उद्या त्याच पुष्पकातून किंजल, म्हणजे स्त्रीकेसराची दांडी, वर येते. एकिनेशियाला स्वतःचे परागकण चालत नाहीत. मधमाश्यांनी दुसऱ्या झाडावरून आणलेले, आणि तेही फार जवळच्या नात्यातले नसलेले, परागकण लागतात. ते मिळाले की एका दिवसात किंजल सुकून आक्रसतो. न मिळाले तर बिचारा आठवडाभर, कधी त्याहूनही अधिक दिवस, तसाच ताटकळत उभा राहतो. म्हणजे फुलाकडे नुसते बारकाईने पाहूनही त्याला परागकण पोचले की नाही हे सांगता येते. ही गोष्ट ध्यानात असू द्या, लेखाच्या शेवटी ती पुन्हा उपयोगी पडणार आहे.

जिभेवरच्या मुंग्या

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या मधल्या भागात पूर्वी 'प्रेअरी' नावाची अफाट गवताळ माळराने होती. क्षितिजापर्यंत गवत, त्यात चरणारे बायसनचे कळप, उन्हाळ्यात दुष्काळ आणि मधूनमधून वणवे. अशा ठिकाणी टिकायचे तर जमिनीवर फार भांडवल ठेवून चालत नाही. अँगुस्टिफोलिया जातीने आपली ठेव जमिनीखाली ठेवली आहे. तिचे सोटमूळ चांगले काही फूट खोल जाते. वरचे सगळे जळून गेले तरी पुढच्या हंगामात मुळापासून पुन्हा पाने फुटतात.

प्रेअरीवर राहणाऱ्या लाकोटा, पॉनी, ओमाहा, शायान इत्यादी मूळ रहिवाशांना हे मूळ चांगले परिचयाचे होते. मायरलाही हा वसा त्यांच्याकडूनच मिळाला असे म्हणतात. मेल्विन गिलमोर या संशोधकाने मिसूरी नदीच्या खोऱ्यातील जमातींच्या वनस्पतिज्ञानाची माहिती १९१९ साली प्रसिद्ध केली. तीत दातदुखी, भाजणे, सर्पदंश अशा अनेक गोष्टींवर एकिनेशिया वापरल्याच्या नोंदी आहेत. एक नोंद तर मजेदार आहे. एकाने सांगितले की, तो या झाडाने आधी तोंड बधिर करून घेई आणि मग जळता निखारा सर्वांसमक्ष तोंडात धरून दाखवी.

या जादूत तथ्य आहे. एकिनेशियाचे, विशेषतः अँगुस्टिफोलियाचे, मूळ चावले की जिभेवर मुंग्या येतात, लाळ सुटते आणि जीभ काही वेळ बधिर होते. हा गुण त्यातील अल्कामाइड वर्गाच्या द्रव्यांचा. आपल्याकडे याचा अनुभव घ्यायला अमेरिकेला जायला नको. दात दुखत असला की खेड्यापाड्यांतून अक्कलकाऱ्याचे पिवळे बोंड दाताखाली धरायला देतात. तेही याच कुलातले आणि त्यातली द्रव्येही याच वर्गातली. प्रस्तुत लेखकाने लहानपणी हे बोंड कुतूहलापोटी एकदाच चावले होते. पुढची दहा मिनिटे त्याला स्वतःचे नावही धड उच्चारता येत नव्हते!

आता पाहा. जे मूळ जीभ बधिर करते ते दातदुखीत थोडा आराम देईल, यात नवल नाही. पण जीभ बधिर करणे वेगळे आणि सापाचे विष उतरवणे वेगळे. औषध कडू, तिखट किंवा झोंबणारे असले की ते जोरदारही असणार, अशी मनाची समजूत फार लवकर होते. ही समजूत फक्त प्रेअरीवरच्या लोकांची होती असे नाही. बाटलीतून जळजळीत कफमिश्रण मिळाले नाही तर डॉक्टरांवर नाराज होणारी माणसे आपल्या घरातही असतात.

मायरने साप चावून घेतला असता तर?

आता त्या राहिलेल्या प्रश्नाकडे वळू. मायर जगला असता तर काहीही सिद्ध झाले नसते. याचे कारण सापांच्या स्वभावात आहे. विषारी साप प्रत्येक वेळी पुरेसे विष सोडतोच असे नाही. कित्येकदा दात रुततात, पण विष जवळजवळ उतरतच नाही. अशा चाव्याला कोरडा दंश म्हणतात. विष उतरले तरी त्याचे प्रमाण कमी-अधिक असते, आणि रॅटल-स्नेक चावलेली पुष्कळ माणसे उपचारांशिवायही वाचत. म्हणजे शंभर जणांना साप चावला आणि त्या सगळ्यांना तुम्ही नुसते साखरेचे पाणी पाजले, तरी त्यांतले बरेच जण बरे होतील. आणि ते सगळे साखरेच्या पाण्याचे गुण गातील. जे दगावतील ते काही सांगायला येणार नाहीत.

सहाशे रोगी बरे झाले हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण तो अर्धाच हिशेब आहे. औषध न घेतलेल्या सहाशे जणांचे काय झाले, हा दुसरा अर्धा भाग मायरजवळ नव्हता. तो लबाड होता असे मुळीच नाही. स्वतःच्या अंगावर साप सोडून घ्यायला तयार झालेला माणूस आपल्या औषधावर मनापासून विश्वास ठेवणाराच असला पाहिजे. मात्र मनापासूनचा विश्वास हा पुरावा नव्हे.

किंग यांनी मात्र औषध वापरून पाहिले आणि त्यांना ते पसंत पडले. १८८७ मध्ये त्यांनी त्याविषयी लिहिले. लॉइड सुरुवातीला साशंक होते, पण पुढे त्यांच्याच कंपनीने हा अर्क मोठ्या प्रमाणावर विकला. १९०९ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या औषधविषयक मंडळाने अधिक भरवशाचा पुरावा येईपर्यंत एकिनेशियाचा विचार करण्याचे कारण नाही, असा निर्वाळा दिला. खप त्यामुळे कमी झाला नाही. १९२० च्या सुमारास अमेरिकेच्या कृषी खात्यातील काऊच आणि गिल्टनर या शास्त्रज्ञांनी अखेर तो राहिलेला अर्धा हिशेब मांडला. गिनीपिगांना सापाचे विष आणि निरनिराळ्या रोगांचे जंतू टोचून काहींना एकिनेशिया दिली, काहींना दिली नाही. दोहोंत उपयोगी पडेल असा फरक दिसला नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण आपल्या देशात सर्पदंशाने दरवर्षी सुमारे ५८ हजार माणसे मरतात असा अंदाज आहे. कोणतेही मूळ, पाला अगर मंत्र सापाचे विष उतरवत नाही. चावलेला भाग न हलवता माणसाला तातडीने रुग्णालयात नेऊन प्रतिविषाचे इंजेक्शन देणे हाच उपाय. मांत्रिकाकडे गेलेले पुष्कळ लोक बरे होतात, ते कोरड्या दंशाच्या कृपेने. वाया गेलेला तास मात्र बाकीच्यांच्या जिवावर बेततो.

चुकीचे बी, चुकीचे मूळ

सर्पदंशाचे औषध सर्दीचे औषध कसे झाले, ही कथा जर्मनीत घडली. १९३० नंतरच्या दशकात गेरहार्ड माडाउस या जर्मन औषधनिर्मात्याने अमेरिकेतून एकिनेशियाचे बी आणवले. त्याला हवी होती अँगुस्टिफोलिया. बी पेरले, झाडे वाढली, फुले आली, आणि पाहतो तो काय, ती परप्युरिया! झाडे तर हाताशी होती. त्याने त्यांच्याच रसाचे औषध केले, आणि जर्मनीतील पुढचे पुष्कळसे संशोधन या 'चुकून आलेल्या' जातीवरच झाले. शरीराची रोगप्रतिकारशक्ती वाढवणारे औषध म्हणून तिची ख्याती युरोपात पसरली आणि तेथून ती परत अमेरिकेत गेली.

गोंधळ एवढ्यावरच थांबला नाही. युरोपात अँगुस्टिफोलिया म्हणून तपासलेला काही माल पॅलिडाचा होता. त्याहून मोठी फजिती १९८० नंतरच्या दशकात उघडकीस आली. म्युनिकचे रूडॉल्फ बाउअर, हिल्डेबर्ट वॅगनर आणि त्यांचे सहकारी एकिनेशियाच्या मुळांतील द्रव्यांचा अभ्यास करीत होते. परप्युरियाची म्हणून नोंदलेली काही द्रव्ये त्यांना खऱ्याखुऱ्या परप्युरियात सापडेनात. शोध घेता कळले की, व्यापारात परप्युरियाच्या नावाने येणाऱ्या मुळांत दुसऱ्याच एका झाडाच्या मुळांची भेसळ होती आणि ती द्रव्ये त्या भेसळीतली होती. अर्थात त्या मालावर केलेले प्रयोग म्हणजे भलत्याच झाडावर केलेले प्रयोग!

हे भेसळीचे झाड कोणते? पार्थेनियम इंटेग्रिफोलियम. नाव ओळखीचे वाटले ना? आपले गाजरगवत, ज्याला कुणी काँग्रेस गवत तर कुणी चटकचांदणी म्हणतात, ते पार्थेनियम हिस्टेरोफोरस. या दोघांची प्रजाती एकच. गाजरगवतही अमेरिका खंडातूनच आले. पुण्यात ते आढळल्याची नोंद १९५६ साली प्रसिद्ध झाली, आणि नंतर त्याने देशभर काय उच्छाद मांडला ते आपण पाहतोच. ज्यांना गाजरगवताने अंगाला खाज सुटते किंवा शिंका येतात, त्यांनी एकिनेशियापासूनही जपून राहावे हे बरे. दोन्ही एकाच कुलातली असल्याने एकाचे वावडे असणाऱ्याला दुसऱ्याचेही असू शकते.

लॉइड यांनी मायरकडे सबंध झाड मागितले ते का, हे आता लक्षात येईल. वाळलेल्या मुळाचा तुकडा फारसे काही बोलत नाही. फूल आले की झाड आपले नाव सांगते.

सर्दीशी सामना

सर्दी बरी करण्याचा दावा तपासणे हे सर्पदंशापेक्षाही अवघड आहे. सर्दी आपोआप बरी होते. बहुधा सात ते दहा दिवसांत ती जाते. माणूस औषध घेतो तो नाक पुरते वाहू लागल्यावर, म्हणजे तिसऱ्या दिवशी. त्यानंतर उतार पडणारच असतो, आणि श्रेय मिळते औषधाला. शिवाय सर्दी हा एक रोग नव्हे. दोनशेहून अधिक प्रकारचे विषाणू ती घडवून आणतात. एकाची सर्दी चार दिवसांची, दुसऱ्याची बारा दिवसांची. तुलना करायची कुणाची कुणाशी?

अमेरिकेत रोनाल्ड टर्नर आणि सहकाऱ्यांनी यावर एक युक्ती केली. त्यांनी सर्दीच आपल्या हाताने दिली! चारशेहून अधिक निरोगी तरुणांची संमती घेऊन त्यांच्या नाकात एकाच प्रकारचे सर्दीचे विषाणू सोडले. काहींना अँगुस्टिफोलियाच्या मुळाचा अर्क, काहींना तशाच चवीचे खोटे औषध. कुणाला काय मिळाले हे ना घेणाऱ्याला ठाऊक, ना तपासणाऱ्याला. २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : सर्दी लागण्यात, तिच्या जोरात किंवा विषाणूंच्या संख्येत म्हणण्यासारखा फरक नाही. यावर औषधाच्या पुरस्कर्त्यांनी विचारले की, मात्रा पुरेशी होती का? जात योग्य होती का? हे प्रश्न काही अगदीच गैर नव्हते. मागची बी-बियाण्यांची कथा आपण वाचलीच आहे.

मला स्वतःला सर्वांत आवडलेला प्रयोग विस्कॉन्सिन राज्यातला. ब्रूस बॅरेट आणि सहकाऱ्यांनी तो २०१० मध्ये प्रसिद्ध केला. नुकतीच सर्दी सुरू झालेले, १२ ते ८० वर्षे वयाचे ७१९ लोक त्यांनी घेतले आणि त्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गट पाडले. पहिल्या गटाला गोळीच नाही. दुसऱ्याला खोटी गोळी. तिसऱ्याला एकिनेशियाची गोळी. पण दुसऱ्या-तिसऱ्या गटांतल्या कुणालाही आपल्या हातात कोणती गोळी आहे हे माहीत नाही. चौथ्याला एकिनेशियाची गोळी, आणि ती एकिनेशियाचीच आहे हे उघड सांगून.

चार गट कशासाठी? दुसऱ्याची तिसऱ्याशी तुलना केली की झाडाचा गुण कळतो. पहिल्याची दुसऱ्याशी केली की नुसत्या गोळीचा, म्हणजे 'आपल्याला काहीतरी दिले' या भावनेचा, गुण कळतो. तिसऱ्याची चौथ्याशी केली की नाव ठाऊक असण्याचा परिणाम कळतो. एकिनेशिया घेणाऱ्यांची सर्दी खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा सरासरीने सुमारे अर्धा दिवस आधी गेली. मग औषध लागू पडले म्हणायचे का? नाणे दहा वेळा उडवून सहा वेळा छापा पडला, म्हणून आपण नाणे खोटे म्हणत नाही. केवळ योगायोगानेही तसे घडते. हा अर्ध्या दिवसाचा फरकही योगायोगाच्या मर्यादेत बसणारा होता.

याच प्रयोगात आणखी एक गंमत दिसली. १२० जण असे होते की, ज्यांचा एकिनेशियावर आधीपासूनच बराच विश्वास होता. त्यांच्यापैकी ज्यांना खोटी गोळी मिळाली, त्यांची सर्दी ज्यांना काहीच मिळाले नाही त्यांच्यापेक्षा सुमारे अडीच दिवस आधी गेली. खोट्या गोळीत झाड औषधालाही नव्हते! गट लहान होता, तेव्हा अडीच दिवस हा आकडा अगदी तंतोतंत धरू नये. पण मायरचे रोगी त्याच्यावर इतके खूश का असत, याचा काहीसा उलगडा यातून होतो.

प्रयोग इतरही पुष्कळ झाले. लहान मुलांवरच्या एका प्रयोगात (२००३) सर्दीला उतार तर पडला नाहीच, उलट अंगावर पुरळ उठण्याचे प्रमाण खोटे औषध घेणाऱ्यांत ३ टक्क्यांहून कमी असताना एकिनेशिया घेणाऱ्यांत ७ टक्के निघाले. कॉक्रेन या संस्थेने २०१४ मध्ये २४ प्रयोगांचा, म्हणजे ४,६३१ लोकांवरील माहितीचा, एकत्र आढावा घेतला. झालेली सर्दी एकिनेशियाने बरी होते असे दिसत नाही. सर्दी होऊच नये म्हणून घेतल्यास कदाचित थोडासा उपयोग होत असेल, पण तो फार मोठा नाही. आणि बाजारातल्या तयार औषधांत जात, भाग आणि कृती इतक्या निरनिराळ्या की एकाचा निष्कर्ष दुसऱ्याला लावता येत नाही, असा त्याचा मथितार्थ. 'लागू पडते' म्हणणारे आणि 'सगळे थोतांड आहे' म्हणणारे, दोघेही या उत्तरावर नाराज असतात. विज्ञानाची पुष्कळशी उत्तरे अशीच असतात.

माळावर उरलेली फुले

या सगळ्या वादात खुद्द झाडाचे काय झाले? नांगर आला आणि उंच गवताची प्रेअरी शेतीखाली गेली. आज तिचा शेकडा चार भागही शिल्लक नाही. उरलेले तुकडे रस्त्याकडेला, रेल्वेमार्गालगत, जुन्या दफनभूमींच्या कुंपणात. त्यात मुळे खणून विकणाऱ्यांची भर पडली. १९९० नंतरच्या दशकात औषधाचा खप इतका वाढला की, लोक सरकारी जमिनींतून चोरून मुळे खणू लागले, आणि १९९९ मध्ये मॉन्टॅना व नॉर्थ डकोटा या राज्यांना त्याविरुद्ध कायदे करावे लागले. मूळ खोल असल्याने खणताना ते बहुधा तुटते, आणि उरलेल्या तुकड्यातून जवळजवळ निम्मी झाडे पुन्हा फुटतात असे कॅन्ससमधील अभ्यासात आढळले. तेवढा तरी खोल मुळाचा फायदा. टेनेसी राज्यातील एक जात तर नाहीशीच झाली असे समजत असत. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ती नॅशव्हिल शहराजवळच्या खडकाळ माळांवर पुन्हा सापडली. १९७९ साली तिला कायद्याचे संरक्षण मिळाले, आणि तिची स्थिती सुधारल्यामुळे २०११ मध्ये ते काढून घेता आले.

मिनेसोटा राज्याच्या पश्चिम भागात शिकागोच्या वनस्पतिउद्यानातील स्टुअर्ट वॅगेनियस आणि त्यांचे सहकारी १९९० नंतरच्या दशकापासून अँगुस्टिफोलियाची एकेक झाड मोजून नोंद ठेवत आले आहेत. त्यांना असे दिसले की, प्रेअरीच्या लहान तुकड्यांतल्या झाडांना बी कमी धरते. मधमाश्या नसतात असे नाही. त्या येतात, पण त्यांच्या अंगावरचे परागकण योग्य नसतात, कारण आसपास योग्य नात्याची फुललेली झाडेच पुरेशी नाहीत. बियांना म्हातारीसारखे पंख नाहीत. त्या आईच्या पायाशीच पडतात आणि शेजारी सगळे भाऊबंदच उगवतात. हे ओळखण्याची खूण तुम्हांला आधीच सांगितली आहे : न सुकता ताटकळलेले किंजल.

वणव्याचा परिणाम काय होतो, तेही त्यांनी २१ वर्षे पाहिले. तो निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. एखादा तुकडा देखरेखीखाली जाळला की त्यानंतरच्या उन्हाळ्यात अधिक झाडे फुलतात. आणि महत्त्वाचे असे की, ती एकाच वर्षी आणि एकाच सुमारास फुलतात. एरवी हे झाड यंदा, तर ते झाड तीन वर्षांनी, अशी चुकामूक होत असते. जाळलेल्या तुकड्यात दूरच्या नात्याची झाडेही एकाच आठवड्यात उमलतात, मधमाशी एकाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि दुसऱ्या दिवशी पाहावे तो किंजल वेळेवर सुकलेले असतात.